न नांगरलेली जमीन

सह्याद्रीच्या वाट्याला देवराया आल्या, सोलापूरच्या वाट्याला माळ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून देवाच्या धाकाने राखलेलं जंगल मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचं झालं. सोलापुरात तसं काही शोधू नये. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, अशा मुलखाचं मूळ रूप गवताचं असतं. कुसळी, पवना, मारवेल, अधूनमधून हिवर, बोर आणि तरवड. या रूपाला महसुली भाषेत पडीक म्हटलं गेलं आणि पडीक ठरलेली जमीन पहिल्यांदा गेली. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, हे पक्षीप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात लोकांपुढे आणलं आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, म्हणून तो माळ निदान कागदावर आला. शहरात अशी नोंद कोणी घेतली नाही. ‘शहरात उरलेली जमीन’ हा विषय संपादकांनी सुचवला, तेव्हा सोलापुरात शोध घ्यावा असं ठिकाण एकच उरलं. ते म्हणजे दफनभूमी. कबरस्तान, लिंगायतांची रुद्रभूमी, ख्रिस्ती दफनभूमी, नाव कोणतंही घ्या, शहरात ज्या मातीवर शंभर वर्षांत औत फिरलं नाही आणि इमारतही उभी राहिली नाही, अशी माती आता जवळपास इथेच आहे.

या जागांबद्दल दोन समज पक्के आहेत. एक, तिथे माजलेलं रान म्हणजे मृतांची हेळसांड. दुसरा, निसर्गप्रेमींमध्ये आवडता, की माणसाने पाठ फिरवली म्हणून तिथे जीव टिकला. दोन्ही समज एकाच चुकीवर उभे आहेत: तिथली हिरवळ दुर्लक्षातून आली, असं दोन्हीकडे गृहीत धरलेलं आहे. जमिनीवर काय चालतं हे नीट पाहिलं तर वेगळं दिसतं. दफनभूमीतलं जीवन टिकलं ते एका विशिष्ट देखभालीमुळे. वर्षातून थोड्या वेळा, हाताने, कबरीपुरती, माती उघडी ठेवून केलेली देखभाल. ती रीत मोडली की काटेरी जंगल तरी माजतं, नाहीतर फरशी तरी येते, आणि दोन्हींत गवत मरतं.

गावाबाहेरून शहराच्या पोटात

विलायती चित्रांत चर्चच्या भोवती कबरी दिसतात. आपल्याकडे मरणाची जागा वेशीबाहेर, ओढ्याच्या किंवा माळाच्या कडेला असायची, मग धर्म कोणताही असो. सोलापूरही याला अपवाद नाही. १८१८ साली इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने भुईकोट किल्ला घेतला, त्यानंतर इथे छावणी आली आणि छावणीबरोबर गोऱ्यांच्या कबरी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे रुजलं आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या कबरी आल्या. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, सुरू झाली, गिरण्या वाढल्या, मजूर आले, वस्त्या वेशी ओलांडून गेल्या. २०११च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांवर पोचलं होतं. वेशीबाहेरची जागा अशी चालत न जाता शहराच्या पोटात आली. मात्र येताना तिने माळाची माती बरोबर आणली.

लिंगायत समाजामुळे सोलापुरात दफनाची रीत अल्पसंख्य समाजांपुरती राहत नाही, हे इथलं वेगळेपण. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची समाधी तलावातल्या मंदिराच्या आवारातच आहे, म्हणजे शहराचं मध्यवर्ती श्रद्धास्थान हीच एक समाधी आहे. लिंगायत रिवाजात देह बसता ठेवतात, हाती इष्टलिंग देतात, भस्म आणि बेलाची पानं घालतात आणि माती लोटतात. ज्यांची शेती आहे ते अनेकदा शेतातच समाधी करतात. जिल्ह्यात फिरताना उसाच्या किंवा ज्वारीच्या रानात एखादा ओटा, शेजारी कडुनिंब, भोवती हातभर सोडलेली जागा दिसते. नांगर तिथे वळसा घालतो. त्या वळशातल्या दोन-चार गुंठ्यांत हराळी, आघाडा, विष्णुक्रांता आणि सराटे टिकतात, जे शेजारच्या तणनाशक मारलेल्या रानात शोधूनही सापडत नाहीत.

मुंबईच्या शिवडी दफनभूमीचा इतिहास याच्या उलट आहे. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ती सुरू झाली, आणि तीही बागायत संस्थेच्या जुन्या बागेच्या जमिनीवर. तिथल्या हिरवाईमागे माळ्याचा हात आहे. सोलापूरला तशी बाग कधी मिळाली नाही, आणि त्यामुळेच इथे आहे ते अधिक मोलाचं आहे. लावलेली झाडं कुठेही लावता येतात. माळाचं गवत, त्याच्या मुळांशी जगणारी बुरशी, त्याच्या बियांचा मातीतला साठा हे नव्याने आणून पेरता येत नाही.

एका आवारात तीन वयांची माती

बाग सगळीकडे एकाच वयाची असते. दफनभूमी तशी नसते, आणि तिथल्या विविधतेचं पहिलं कारण तेच आहे. नुकत्या खणलेल्या भागात खालचा मुरूम वर येतो, माती भुसभुशीत आणि उघडी असते. तिथे पहिल्या पावसाला टाकळा, कुरडू, सराटे अशा एका हंगामाच्या वनस्पती येतात. एकट्याने राहणाऱ्या जंगली मधमाश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात, त्यांना अशी उघडी, निचरा होणारी माती लागते आणि डांबर-काँक्रीटच्या शहरात ती मिळत नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या भागात हराळी आणि मारवेल पकड घेतात. सर्वांत जुन्या, नातेवाईकांचं येणं थांबलेल्या कोपऱ्यात कुसळीचे झुबके, तरवडाची झुडपं, बोरीच्या जाळ्या. नवरात्रात घटाला लागणारी तरवडाची पिवळी फुलं अशा कोपऱ्यात भरभरून असतात, कारण गुरं-शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत.

त्यात दगडाची भर. काळ्या पाषाणाची जुनी कबर, शेजारच्या कलबुर्गीकडून आलेली शहाबादी फरशी, चुन्याचे सांधे, मग सिमेंट. चुन्याच्या सांध्यात पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवतो. दगडावर दगडफूल धरतं, पण त्याची वाढ इतकी मंद असते, की एकदा तारेच्या ब्रशने घासून काढलं तर तेवढं परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जावं. फटींत पाली आणि सापसुरळ्या राहतात, त्यांच्यामागे साप येतात, सापांमागे मुंगूस. भिंतीच्या भोकांत आणि दगडांच्या सांदीत चिरक घरटं करतो. जुन्या कडुनिंबाची वाळकी फांदी बागेत लगेच तोडली जाते, इथे ती राहते, आणि तिच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं राहतं. गव्हाणी घुबडाला मोडक्या कमानीचा किंवा ओस खोलीचा कोनाडा पुरतो. दोघं मिळून उंदरांचा फडशा पाडतात. शेजारच्या धान्याच्या दुकानांना त्याचा फायदा होतो, त्याचं श्रेय मात्र कोणी दफनभूमीला देत नाही.

लावलेल्या झाडांमध्येही निवड दिसते. पांढरा चाफा मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला, पण मंदिर, दर्गा आणि ख्रिस्ती दफनभूमी तिन्हीकडे सारखाच रुजला. त्याच्या मांसल खोडात पाणी साठतं, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात कोणी घागरभर पाणी न घालताही तो तगतो. मुस्लिम कबरीवर सब्जा लावतात. प्रेषितांनी खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर रोवली, ही हदीस प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावरून कबरीवरची ओली वनस्पती उपटणं अनेक शास्त्रकारांनी अयोग्य मानलं आहे. सब्जा फुलला की त्यावर मधमाश्यांची दिवसभर ये-जा असते. कबरीवरचं न उपटण्याच्या याच वृत्तीचा मोठा पुरावा तुर्कस्तानात सापडला आहे. तिथे रानातल्या ऑर्किडचे कंद सालेप या पेयासाठी बेसुमार खणले जातात, आणि खणणाऱ्यांच्या हातून वाचलेली ऑर्किडं वनस्पतिशास्त्रज्ञांना कबरस्तानांत मोठ्या संख्येने आढळली.

सफाईचं पंचांग

या सगळ्याला आकार देणारी गोष्ट म्हणजे सफाई कधी होते. कॅथलिक कुटुंबं २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी झाडून, चुना लावून, फुलं-मेणबत्त्या ठेवतात. सोलापूरकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात निसवतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बी गळायला लागतं. म्हणजे विळा पडतो तो बहुतेक बी जमिनीवर आल्यावर. जुन्या कुरणांत गवत कापायची वेळ हीच असायची. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत हे बी आपोआप आत जातं आणि पुढच्या मृगाची वाट पाहतं. प्रॉटेस्टंट कुटुंबांत बऱ्याच ठिकाणी ईस्टरच्या पहाटे कबरींवर जाण्याची रीत आहे. तेव्हाची सफाई मार्च-एप्रिलात होते. गवताला त्याने काही होत नाही, पण चिरक आणि टिटवी त्याच दिवसांत अंड्यांवर असतात, म्हणून हात तेवढा जपून चालवावा लागतो.

मुस्लिम रिवाजात शब-ए-बरातच्या आधी कबरस्तान झाडतात. ती शाबान महिन्याची पंधरावी रात्र, आणि चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. २०२५ साली ती फेब्रुवारीच्या मध्यात होती, २००२ साली ऑक्टोबरात होती, २०२५नंतर दशकभराने ती पुन्हा ऑक्टोबरच्या अखेरीस येते. तेहतीस वर्षांच्या फेऱ्यात सफाई प्रत्येक ऋतूतून जाते. त्यामुळे एखाद्याच वनस्पतीचं बी दरवर्षी पिकायच्या आधी खुडलं जातं, असं कधी होत नाही. कोणी ठरवून हे केलेलं नाही, तरी एखाद्या कुरणतज्ज्ञाने आखावं असं हे वेळापत्रक आहे. रुद्रभूमीत सामुदायिक सफाईपेक्षा ज्याच्या त्याच्या पुण्यतिथीला ज्याने त्याने आपली समाधी साफ करणं जास्त, त्यामुळे एका वेळी थोडासाच तुकडा मोकळा होतो आणि शेजारच्या तुकड्यातले किडे-सरडे जागेवर राहतात.

न नांगरण्याचा फायदा किती मोठा असतो, हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात दिसतं. तिथल्या उंच गवताच्या विस्तीर्ण मैदानांवर एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर फिरला आणि मूळ कुरणाचा हजारावा हिस्सासुद्धा उरला नाही. उरलं त्यातले काही उत्तम तुकडे पहिल्या वसाहतकारांच्या दफनभूमीत आहेत. वेस्टन दफनभूमी फक्त पाच एकरांची, तरीही तिथलं मूळ गवत आणि रानफुलं आज राखून ठेवली जातात. मका-सोयाबीनच्या समुद्रात ते पाच एकर जे काम करतात, तेच आपल्याकडे ऊस आणि सिमेंटच्या मधले दोन-चार एकर करू शकतात.

मग बर्लिनचं काय?

हलक्या देखभालीमुळे जीव टिकतो, या मताच्या विरुद्ध एक उदाहरण जातं. बर्लिनची वाइसेनझे ही १८८० साली सुरू झालेली ज्यू दफनभूमी सुमारे चाळीस हेक्टरांची. तिच्या अभ्यासात ३६३ प्रकारच्या वनस्पती, ४४ प्रकारचे पक्षी आणि वटवाघळांच्या पाच जाती नोंदल्या गेल्या. तिथलं रान कुणाच्या हलक्या हातामुळे वाढलेलं नाही. ज्यांनी त्या कबरी राखायच्या, ती माणसं नाझी राजवटीत मारली गेली किंवा परागंदा झाली. म्हणजे दुर्लक्षानेही निसर्ग समृद्ध होतो, असं म्हणता येईल. पण बर्लिनच्या पावसात आणि थंडीत मोकळी सोडलेली जमीन देशी जंगलाकडे जाते. शिवाय तिथेही विविधता आली ती दाट झाडी, मोकळे रस्ते आणि अजून राखलेले भाग यांच्या सरमिसळीतून. सोलापुरात जमीन नुसती सोडली तर ती वेड्या बाभळीकडे जाते. एकोणिसाव्या शतकात बाहेरून भारतात आणलेलं हे झाड दाट जाळी करतं, खाली गवत उगवू देत नाही, आणि तोडलं तर बुंध्यातून चौपट फुटतं. जोडीला गाजरगवत. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण आज प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर आहे. त्याच्यावर सोडलेला मेक्सिकन भुंगा १९८४पासून देशात आहे, तो पानं खातो, पण एकट्याच्याने ते आवरत नाही. म्हणून ‘जसं आहे तसं राहू द्या’ हा सल्ला सोलापूरच्या दफनभूमीला देणं म्हणजे तिला वेड्या बाभळीच्या हवाली करणं. वेडी बाभूळ मुळाच्या गड्ड्यासकट खणून काढावी लागते, गाजरगवत फुलण्याआधी उपटावं लागतं. दोन्ही कामं हाताचीच आहेत.

फरशी, दिवे, फवारा

खरा धोका मात्र सुशोभीकरणाचा आहे. निधी येतो तेव्हा तो दिसेल अशा गोष्टीवर खर्च करावा लागतो, म्हणून पेव्हर ब्लॉक, पक्की भिंत, हायमास्ट दिवे. पेव्हर ब्लॉकखाली माती श्वास घेत नाही, भेगा पडत नाहीत, बी आत जात नाही, पाणी मुरत नाही. बेचाळीस अंशांच्या दुपारी त्या फरशीवर नातेवाइकांनाही उभं राहवत नाही. रात्रभर जळणाऱ्या प्रखर दिव्याभोवती पतंग मरून पडतात आणि घुबडं जागा सोडतात. तणनाशकाचा फवारा सर्वांत स्वस्त पडतो, दोन माणसांचं आठवड्याचं काम एका सकाळी होतं, पण कबरीवरचा सब्जा आणि शेजारची विष्णुक्रांता यांतला फरक त्या औषधाला कळत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चात वाळलं गवत पेटवून देण्याची सवय तर सरपटणाऱ्या जिवांना आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांना थेट जाळते.

झाडांना निदान कायद्याचा आधार आहे. १९७५च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याने शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी लागते. गवत मात्र कोणत्याही गणनेत नाही. बंगळुरूत हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंदिरं, चर्च, दफनभूमी अशा श्रद्धेच्या जागांतली झाडं मोजली, तेव्हा लहानशा जागांतही झाडांची मोठी विविधता दिसली. तसं काम सोलापुरात झाडांबरोबर गवतासाठी झालं पाहिजे. २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. त्या नोंदवहीत दफनभूमीचं पान असायला कायद्याची काहीच आडकाठी नाही.

जागा, साप आणि श्रद्धा

गवत राखण्यावरचा पहिला आक्षेप जागेचा. वाढत्या शहरात मृतांनाच जागा पुरेना, तिथे गवताला कुठून द्यायची? आक्षेप गंभीर आहे, पण जागा खाते ती पक्की कबर. सिमेंटचा चौथरा बांधला की ती सहा-सात फूट जमीन कायमची अडकते. कच्ची कबर काही वर्षांनी मातीत मिसळते आणि तीच जागा पुन्हा वापरता येते. कबरीला गिलावा करू नये, असं इस्लामी परंपरेत स्पष्ट सांगितलेलं आहे. ख्रिस्ती कुटुंबांत एकाच कबरीत पुढच्या पिढीला जागा देण्याची रीत आहे. म्हणजे जागा वाचवणारी रीत आणि गवत वाचवणारी रीत एकच आहे, आणि ती या दोन्ही समाजांच्या परंपरेत आधीच बसलेली आहे.

दुसरा आक्षेप सापांचा, आणि त्याला हसण्यावारी नेणं हा खांदा देणाऱ्या माणसाचा अपमान आहे. नाग, घोणस आणि फुरसं हे तिन्ही विषारी साप या जिल्ह्यात आहेत, आणि दफन रात्रीही होतं. म्हणून वाटा रुंद आणि कापलेल्या असाव्यात, नव्या कबरींचा भाग मोकळा असावा, अंत्यविधीच्या वेळेपुरता भरपूर प्रकाश असावा. पण साप खरे कशाकडे येतात? भिंतीपलीकडून टाकलेल्या कचऱ्यावरच्या उंदरांकडे आणि बांधकामाच्या राडारोड्यातल्या पोकळ्यांकडे. राडारोडा उचलला आणि कचरा थांबवला, तर जुन्या कोपऱ्यातलं गवत ठेवूनही धोका कमी होतो. सगळं गवत जाळून कचरा तसाच ठेवला, तर तो कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक. या जागा आप्तांच्या आहेत. दुर्बीण घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाने तिथे पक्षी मोजावेत, हे कित्येकांना रुचणार नाही, आणि त्यांचं चूक नाही. अमावास्येला घुबड पकडायला येणाऱ्यांचा त्रासही जुनाच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही तो पुरता थांबलेला नाही. म्हणून निर्णय विश्वस्तांचा, चर्चच्या समितीचा आणि समाजाच्या पंचांचाच असला पाहिजे. नोंदी त्या त्या समाजातल्या मुलांनी कराव्यात. संगमेश्वर, दयानंद आणि वालचंद महाविद्यालयांत त्या समाजांची मुलं शिकतात. वनस्पतिशास्त्राच्या विभागांनी त्यांच्या हाती वही दिली तर बाहेरच्या कोणाची गरज उरणार नाही. भुताच्या भीतीने या जमिनी आजवर राखल्या, हे खरं आहे. भीती मात्र ओसरते आहे, आणि ओसरावीच. तिच्या जागी आप्तांचा हक्क आणि आप्तांचंच ज्ञान यायला हवं.

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळी आणि २ नोव्हेंबर दोन्ही जवळ असतील. ज्यांच्या घरची कबर किंवा समाधी सोलापुरात आहे, त्यांना विनंती आहे: या वेळी विळा आणि खुरपं न्या, तणनाशकाचा पंप नेऊ नका. कबर आणि तिची वाट साफ करा, कापलेलं गवत तिथेच दोन दिवस वाळू द्या म्हणजे उरलेलं बी झडेल, वेडी बाभूळ दिसली तर गड्ड्यासकट काढा, दगडावरचं दगडफूल तसंच ठेवा. विश्वस्तांना आणि महापालिकेला एकच सांगणं: पुढचा निधी पेव्हर ब्लॉकवर न घालता राडारोडा उचलण्यावर आणि दोन कायम मजुरांच्या पगारावर घाला.